योहानेस ब्रॉन्स्टेड : आम्ल-आम्लारीचे नाते उलगडणारा शास्त्रज्ञ

डेन्मार्कमधील वार्दे या गावी २२ फेब्रुवारी १८७९ रोजी योहानेस ब्रॉन्स्टेड यांचा जन्म झाला. जन्मानंतर लवकरच आई गेली. चौदाव्या वर्षी पितृछत्रही हरपले. तरीही या मुलाने शिक्षणाची वाट सोडली नाही. १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्याच वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ते आम्लारी, ही अर्‍हेनियस यांची व्याख्या तेव्हा रूढ होती. परंतु अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाही. मग तो आम्लारी कसा? १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडच्या लाउरी यांनी, याचे उत्तर दिले. प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ते आम्लारी. प्रोटॉन दिल्यावर आम्लाचे जे उरते, तेच त्याचे संयुग्मी आम्लारी. ॲसेटिक आम्ल व ॲसेटेट आयन ही अशी जोडी होय. पाणी अमोनियापुढे आम्ल, तर हायड्रोजन क्लोराइडपुढे आम्लारी ठरते. पदार्थावर कायमचा शिक्का नसतो. देण्याघेण्यातून त्याची ओळख घडते. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांला हा विचार मोलाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझीवादाला विरोध केला. १९४७ मध्ये ते डॅनिश संसदेवर निवडून आले. मात्र आजारपणामुळे पद स्वीकारण्यापूर्वीच १७ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे चरित्र अवश्य स्मरावे. पोरकेपण त्यांच्या वाट्याला आले, पण त्यांची ओळख त्यांच्या कार्याने घडली.