मुक्या अक्षरांना वाचा

पाषाणावर कोरलेले अक्षर ऊन, वारा आणि पाऊस यांना सहसा दाद देत नाही. परंतु ते वाचणारा कोणी उरला नाही, तर त्याचे अक्षरपण व्यर्थ होते. आपल्या देशातील प्राचीन ब्राह्मी लिपीची अशीच अवस्था झाली होती. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलक याने दोन जुने शिलास्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीस आणविले. त्यांवरील लेख वाचण्यासाठी विद्वान बोलाविले गेले. पण लेखांचा खरा अर्थ कोणासही उलगडला नाही. पुढे जवळजवळ पाचशे वर्षे ती अक्षरे मुकीच राहिली. त्यांना वाचा देण्याचे श्रेय मुख्यतः जेम्स प्रिन्सेप या इंग्रज विद्वानास आहे.

प्रिन्सेप यांचा जन्म १७९९ साली इंग्लंडमध्ये झाला. इमारती बांधण्याची कला ते शिकू लागले होते. परंतु डोळ्यांना विकार जडल्यामुळे ती त्यांना सोडावी लागली. मग नाण्यांतील सोन्यारुप्याची पारख करण्याची विद्या शिकून १८१९ साली ते कलकत्त्याच्या टांकसाळीत नोकरीस आले. लवकरच त्यांची बदली काशीच्या टांकसाळीत झाली. तेथे त्यांनी नगराचा नकाशा तयार केला, कर्मनाशा नदीवर पूल बांधला आणि अत्यंत सूक्ष्म वजन दाखविणारा तराजूही बनविला. कणभर फरकसुद्धा नजरेतून सुटू द्यायचा नाही, ही त्यांची सवय पुढे फार उपयोगी पडली.

१८३० साली ते कलकत्त्यास परतले आणि १८३२ साली तेथील एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले. ठिकठिकाणच्या शिलालेखांच्या नकला त्यांच्याकडे येऊ लागल्या. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील बेतियाजवळचे ठिकाण येथील स्तंभांचे लेख त्यांनी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले, तेव्हा तिन्ही ठिकाणी एकच मजकूर कोरलेला आढळला. आपण जसा अक्षराला काना, मात्रा किंवा वेलांटी देतो, तशाच लहान रेघा या अक्षरांनाही जोडलेल्या होत्या. प्रिन्सेप यांनी मूळ अक्षरे आणि त्यांची निरनिराळी रूपे यांचा तक्ता केला. अक्षरे निवडून झाली. परंतु त्यांचे शब्द काही जुळेनात.

१८३७ साली सांचीच्या स्तूपाभोवतालच्या दगडी कठड्यांवरील लेखांच्या नकला त्यांच्या हाती आल्या. हे लेख अगदी लहान आणि एकमेकांपासून सुटे होते. मात्र बहुतेक सर्वांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. पवित्र स्थळी लोक असे लहान लहान लेख कशासाठी कोरतील, याचा प्रिन्सेप यांनी विचार केला. भाविकांनी अर्पण केलेल्या वस्तूंवर त्यांची नावेच असणार, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या दोन अक्षरांपैकी पहिल्याला काना आणि दुसऱ्यावर अनुस्वार होता. मग तो शब्द ‘दानं’ असला पाहिजे! त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर म्हणजे षष्ठी विभक्तीचा प्राकृत प्रत्यय ‘स’ ठरला. अमक्याचे दान, असा अर्थ लागला आणि एका शब्दाने साऱ्या लिपीचे दार उघडले.

थोड्याच दिवसांत प्रिन्सेप यांनी पंडित कमलाकांत यांच्या साहाय्याने दिल्लीचा स्तंभलेख वाचला. त्यात देवांना प्रिय अशा प्रियदर्शी राजाच्या आज्ञा होत्या. प्राणिमात्रांवर दया करावी असे तो सांगत होता. वाटेवर वृक्ष लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे कळवीत होता. पण हा राजा कोण? प्रथम प्रिन्सेप यांना तो श्रीलंकेचा राजा वाटला. परंतु श्रीलंकेत राहणारे जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो सम्राट अशोक असल्याचे दाखवून दिले. प्रिन्सेप यांनी आपले मत आनंदाने बदलले.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. असह्य डोकेदुखीमुळे १८३८ साली त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला आणि १८४० साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचे निधन झाले. कलकत्त्यास हुगळीच्या तीरावर त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला प्रिन्सेप घाट आजही उभा आहे.

महाराष्ट्रातही या विद्येचे फळ दिसते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळच्या सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तेव्हा तो कोणाचा हे ओळखता आले. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर ते खांब देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतही ‘दान’ हा शब्द आहे. आपली देवनागरी लिपीही ब्राह्मीपासूनच उत्क्रांत झाली आहे. केवळ अक्षरे ओळखून वाचन पुरे होत नाही. ती लिहिणाऱ्या माणसाच्या मनात काय होते, हे जाणण्याची तळमळ असावी लागते. ती तळमळ प्रिन्सेप यांच्या ठायी होती, म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड आपल्याशी बोलू लागले.