कादंबरी हेच व्यासपीठ : डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव निघाले की महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड प्रथम आठवतात. कादंबरीकार केतकरांना मात्र मराठी समीक्षेने दीर्घकाळ दुय्यम स्थान दिले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीच्या व राजकीय खळबळीच्या वर्षांत ते वादग्रस्त ठरले, त्याचे एक प्रमुख कारण त्यांचे कादंबरीलेखन होते. कादंबरी कशासाठी लिहावयाची, हाच त्या वादाचा गाभा होय.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन १९१२ मध्ये स्वदेशी परतले. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. जातिसंस्था ही ब्राह्मणांनी हेतुपुरस्सर रचली, हे मत त्यांनी त्यात नाकारले. परंतु तिला ईश्वरनिर्मित मानणाऱ्यांनाही त्यांच्या विवेचनात आधार मिळण्यासारखा नव्हता. कोणत्याही एका पक्षात न सामावणे हे त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे लक्षण येथूनच दिसू लागते. १९२० मध्ये त्यांनी ज्यू कुळातील एडिथ कोहन यांच्याशी विवाह केला. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू समाजात घेण्यात आले व त्या शीलवतीबाई झाल्या. मिश्रविवाहाचा प्रश्न केतकरांनी असा प्रथम जगून पाहिला आणि नंतर कादंबरीत मांडला.

१९२६ मध्ये ‘गोंडवनातील प्रियंवदा’ व ‘परागंदा’ या कादंबऱ्या आणि ‘निःशस्त्रांचे राजकारण’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ही सांगड अर्थपूर्ण आहे. राजकीय विचार आणि कादंबरी हे त्यांच्या लेखी एकाच चिंतनाचे दोन आविष्कार होते. गांधीयुगाच्या भरतीत त्यांनी चळवळीच्या भावनिक आवाहनापेक्षा समाजघटकांच्या हितसंबंधांची मीमांसा महत्त्वाची मानली. साहजिकच राष्ट्रीय चळवळीच्या अनुयायांत ते एकाकी राहिले.

‘ब्राह्मणकन्या’ १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा प्रदीर्घ संप, १९२९ मधील मीरत खटल्याच्या अटका, त्याच वर्षीचा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि १९३० चा कायदेभंग ही तिच्या आगेमागेची परिस्थिती होय. नायिका कालिंदी ही ब्राह्मण पिता व कलावंतिणीच्या पोटची माता यांची मुलगी. पित्याने सुधारणा केली, तिचा भार मात्र मुलीवर पडला. ब्राह्मण समाजात आपल्याला स्थान नाही हे ओळखून ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर विवाहाविना राहते, माता होते, आणि पुढे कामगार चळवळीतील रामरावाशी संसार मांडते. बेने इस्रायल समाजापासून नवी स्मृती रचू पाहणाऱ्या वैजनाथशास्त्र्यांपर्यंत अनेक माणसे तिच्या कथेभोवती वावरतात. सनातन्यांना ही कथा खटकावी यात नवल नाही. परंतु ती सुधारकांनाही अडचणीत टाकणारी होती. सुधारणेचे मोल पुढच्या पिढीने का द्यावे, हा तिचा प्रश्न त्यांना उद्देशून होता.

टीकाकारांनी विस्कळीत रचना, ओबडधोबड भाषा व पात्रांची लांबलचक चर्चा यांवर बोट ठेवले. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ने १९३१ मध्ये ललितलेखनाच्या तंत्राचा आग्रह धरला, हे लक्षात घेता हा आक्षेप काळाला धरूनच होता. त्यात तथ्यही होते. मात्र शैलीच्या दोषांची चर्चा करता करता कादंबरीने विचारलेले प्रश्न बाजूला पडले, हे त्या वादाचे फलित होय.

१९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. निजामी राज्यात कारभाराची व उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाची भाषा उर्दू होती. आज हिंगोली जिल्ह्यात असलेला कळमनुरी–वारंगा फाटा परिसर तेव्हा त्या राज्याच्या परभणी जिल्ह्यात मोडत होता. पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे केतकरांच्या बालपणाचा मुलूख, ब्रिटिश अंमलाखाली होता. एकाच भाषेचे लोक अशा निरनिराळ्या राजवटींत विभागले गेले असताना मराठी साहित्यिकांनी निजामाच्या राजधानीत एकत्र यावे, यास वाङ्मयाबाहेरचाही अर्थ होता. या मानामागे ज्ञानकोशाची पुण्याई असली, तरी त्यामुळे कादंबरीकार केतकरांविषयीचा विरोध ओसरला नाही.

पुढील वर्षे आर्थिक ओढगस्तीची व आजारपणाची होती. तशातही १९३५ मध्ये ‘प्राचीन महाराष्ट्र’चा शातवाहनपर्वाचा भाग त्यांनी पूर्ण केला. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘विचक्षणा’ व ‘भटक्या’ या कादंबऱ्यांचे प्रकाशनवर्षही तेच.

दुर्गा भागवत यांनी १९६७ मध्ये ‘केतकरी कादंबरी’ लिहून या लेखनाकडे पुन्हा लक्ष वेधले. केतकरांच्या कादंबरीत कलेची सफाई कमी आहे, हा जुना निर्णय त्यामुळे रद्द होत नाही. तो अपुरा मात्र ठरतो. वर्ग, जात, स्त्रीची स्वायत्तता आणि स्थलांतर यांचा एकत्र विचार करणारी ही कादंबरी आपल्या काळाशी भांडत होती. त्या भांडणाची दखल घेतल्याशिवाय मराठी कादंबरीचा इतिहास पूर्ण होत नाही.