रणभूमीवरील सेवाव्रती : महात्मा गांधी

वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम आपणा यवतमाळकरांना फारसे दूर नाही. १९३६ साली बापू तेथे वास्तव्यास आले आणि ते छोटेसे खेडे अहिंसेच्या उपासकांचे तीर्थस्थान झाले. परंतु अहिंसेचा हा महान उपासक तरुणपणी ब्रिटिश सैन्याच्या सेवेसाठी रणभूमीवर गेला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ज्ञात नसेल.

११ ऑक्टोबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धास प्रारंभ झाला. त्या वेळी तीस वर्षांचे गांधीजी डर्बन येथे बॅरिस्टर म्हणून स्थिरावले होते. त्यांची मनातील सहानुभूती बोअर लोकांकडे होती. तथापि, साम्राज्याचे नागरिक म्हणून हक्क मागावयाचे, तर संकटसमयी कर्तव्यही बजावले पाहिजे, असा त्यांनी विचार केला. डॉ. बूथ यांच्याकडून हिंदी स्वयंसेवकांनी जखमींच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतले. सरकारने आरंभी नाकारलेले साहाय्य पुढे स्वीकारले आणि सुमारे १,१०० हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे राहिले. त्यांत सुमारे ८०० गिरमिटिया मजूर होते.

डिसेंबर १८९९ मध्ये कोलेन्सोच्या लढाईत या पथकाने जखमी सैनिकांना खांद्यावर वाहून नेले. कधी कधी एका दिवसात वीस-पंचवीस मैल चालावे लागे. तोफांच्या माऱ्यात जाण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. तरीही जानेवारी १९०० मध्ये स्पायन कॉप येथे विनंती होताच ते आनंदाने पुढे गेले. पथकाच्या ३७ प्रमुखांना युद्धपदके मिळाली.

१९०६ साली नाताळमध्ये झुलूंचा उठाव झाला. गांधीजींनी पुन्हा २४ जणांचे पथक उभारले व त्यांना सार्जंट मेजरचा हुद्दा देण्यात आला. परंतु तेथे युद्ध असे दिसेना. शुश्रूषेस आलेले बहुतेक झुलूच होते आणि अनेकांच्या अंगावर फटक्यांच्या चिघळलेल्या जखमा होत्या. गोरे लोक त्यांना हात लावण्यास तयार नव्हते. हिंदी स्वयंसेवकांनी त्या जखमा धुतल्या. निर्जन टेकड्यांतून कूच करीत असतानाच आजन्म ब्रह्मचर्याचा गांधीजींचा निश्चय पक्का झाला. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या सभेत सत्याग्रहाचा जन्म झाला.

येथे आपल्यासारख्या जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न निर्माण होतो. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि तिला अनुमोदन देणे, हे तिन्ही दोषास्पद आहे, ही आपल्या धर्माची शिकवण. मग सैन्याच्या जखमींची सेवा करणारा त्या दोषातून मुक्त राहतो काय? १८९१ पासून श्रीमद् राजचंद्रांच्या सहवासात व पुढे पत्रव्यवहारातून धर्मचिंतन केलेल्या गांधीजींनी या प्रश्नाला बगल दिली नाही. युद्धात केवळ शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषापासून सुटत नाही, हे त्यांनी आत्मकथेत स्वच्छपणे मान्य केले. एवढेच नव्हे, तर १९१८ साली खेडा जिल्ह्यात गावोगावी पायी फिरून त्यांनी प्रत्यक्ष सैन्यभरतीचा प्रचार केला. ज्या शेतकऱ्यांनी सत्याग्रहात साथ दिली होती, त्यांनीच या वेळी पाठ फिरवली.

ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवरील त्यांचा विश्वास पुढे पंजाबातील अत्याचार व खिलाफतीचा प्रश्न यांमुळे पूर्णपणे ढळला. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी बोअर व झुलू युद्धांतील पदके, तसेच कैसर-ए-हिंद हे सुवर्णपदक सरकारला परत केले.

दीपावलीला वहीपूजन करताना आम्ही व्यापारी वर्षाचा जमाखर्च तपासतो. नावे पडलेली रक्कम लपवून वही शुद्ध होत नाही. गांधीजींनी आपल्या जीवनाची वही अशीच उघडी ठेवली. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी सेवाकार्याचा संकल्प करताना, आपल्या सेवेमुळे नेमक्या कोणत्या कार्याला बळ मिळते, हे तपासण्याची जागरूकता आपणा सर्वांत यावी, हीच प्रार्थना.