सायमन फ्लेक्सनर : घोड्याच्या रक्तातून मेनिंजायटिसवर औषध
साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं, हे कळलं तेव्हा मी चकितच झालो. शोधता शोधता डॉ. सायमन फ्लेक्सनर सापडले.

त्यांचा जन्म १८६३ साली अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात झाला. शाळा अर्धवट सुटली. औषधाच्या दुकानात काम करत ते शिकले, डॉक्टर झाले आणि पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे पहिले संचालक बनले.

१९०४-०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेनिंजायटिसची साथ आली. म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे येणारी सूज. चारपैकी जवळपास तीन रुग्ण दगावायचे.

फ्लेक्सनर यांनी काय केलं? घोड्याला हे जंतू टोचले. त्याच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या अँटीबॉडीज तयार झाल्या. मग रक्त काढून त्यातलं सीरम वेगळं केलं.

पण खरी अडचण पुढेच होती. रक्तातून दिलेलं सीरम मेंदूच्या आवरणापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून कमरेतून मणक्यात सुई घालून आधी आतलं पाणी काढायचं, मग सीरम थेट तिथेच सोडायचं. जर्मनीत योखमान यांनीही त्याच सुमारास हे केलं.

१९१३ मध्ये फ्लेक्सनर यांनी सुमारे १३०० रुग्णांचा हिशोब मांडला. मृत्यूचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. पहिल्या तीन दिवसांत सीरम मिळालेल्यांमध्ये तर त्याहूनही कमी!

१९३० च्या दशकात सल्फा औषधं आली आणि सीरम मागे पडलं. १९४६ मध्ये फ्लेक्सनर गेले. मला यातून एकच कळलं: औषध चांगलं असून भागत नाही, ते योग्य जागी आणि वेळेत पोचावं लागतं.