रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च, इ.स. १८५८:पॅरिस, फ्रान्स - २९ सप्टेंबर, इ.स. १९१३:अँटवर्प-हारविच सागरी मार्ग) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. हवेच्या दाबाने तापलेल्या सिलिंडरमध्ये इंधन आपोआप पेटवणाऱ्या इंजिनाचा शोध त्यांनी लावला. हे इंजिन आणि त्यात वापरले जाणारे इंधन ही दोन्ही त्यांच्याच नावाने ओळखली जातात. कमीत कमी इंधनातून जास्तीत जास्त काम मिळवणे आणि ज्या प्रदेशात जे इंधन उपलब्ध असेल त्यावर यंत्र चालवणे, ही त्यांच्या संशोधनाची दोन सूत्रे होती.

बालपण व शिक्षण

रुडॉल्फ यांचे वडील थिओडोर हे मूळचे आउग्सबुर्गचे असून पॅरिसमध्ये चामड्याच्या वस्तू बनवण्याचा व्यवसाय करीत. इ.स. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाल्यावर जर्मन वंशाच्या या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे शिक्षणासाठी पाठवण्यात आले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते म्युनिक येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले. विषमज्वरामुळे त्यांची इ.स. १८७९ ची अंतिम परीक्षा हुकली. मधल्या काळात त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील सुल्झर कारखान्यात अनुभव घेतला आणि इ.स. १८८० मध्ये उत्तम गुणांसह पदवी संपादन केली.

म्युनिकमध्ये शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के किंवा त्याहूनही कमी उष्णतेचे काम होते आणि उरलेली वाया जाते, हे लिंडे यांच्या व्याख्यानांतून त्यांना समजले. ही नासाडी थांबवणे हे रुडॉल्फ यांचे आयुष्यभराचे ध्येय ठरले. पदवीनंतर त्यांनी लिंडे यांच्या बर्फनिर्मिती व्यवसायात पॅरिस व बर्लिन येथे काम केले. इ.स. १८८३ मध्ये त्यांचा विवाह मार्था फ्लाशे यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

इंजिनाची घडण

नव्या इंजिनाची कल्पना मांडणारे जर्मन पेटंट डिझेल यांना इ.स. १८९३ मध्ये मिळाले व त्याच वर्षी त्यांचा या विषयावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. हवा जोराने दाबली की ती तापते. ती पुरेशी तापली की तीत सोडलेले इंधन ठिणगीशिवाय पेट घेते, हे या इंजिनाचे तत्त्व होय. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. ते फार दाबल्यास अवेळी पेटते व इंजिनात ठोके बसतात, त्यामुळे दाबावर मर्यादा येते. डिझेल यांच्या इंजिनात आधी केवळ हवा दाबली जात असल्याने ही अडचण उरत नाही. अधिक दाबामुळे उष्णतेचा अधिक भाग कामी येतो, आणि हेच या इंजिनाच्या कमी इंधनखपाचे मुख्य कारण आहे.

आउग्सबुर्ग येथील यंत्रकारखाना व क्रुप उद्योगसमूह यांनी प्रयोगांचा खर्च उचलला. ऑगस्ट १८९३ मधील पहिल्या चाचणीत स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण फुटले. फेब्रुवारी १८९४ मध्ये सुधारित इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे एक मिनिट चालले. त्यानंतर तीन वर्षांनी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी घेतलेल्या अधिकृत चाचणीत या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या वेळच्या कोणत्याही उष्णता इंजिनाच्या तुलनेत हा आकडा फार मोठा होता. मूळ पेटंटात मांडलेली ज्वलनाची पद्धत मात्र प्रत्यक्षात जशीच्या तशी उतरली नाही. या फरकामुळे त्यांना पुढे दीर्घकाळ टीका व पेटंटविषयक वाद यांना तोंड द्यावे लागले.

पर्यायी इंधनांचा विचार

आज डिझेल म्हणून ओळखले जाणारे खनिज तेल हे या इंजिनाचे एकमेव इंधन असावे, असे डिझेल यांना अभिप्रेत नव्हते. मूळ योजनेत कोळशाच्या भुकटीचाही विचार होता, पण तिचे प्रयोग यशस्वी झाले नाहीत. इ.स. १८९७ च्या चाचणीत दिव्याचे रॉकेल वापरले गेले. इ.स. १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतील वसाहतींसाठी स्थानिक इंधनावर चालणारे यंत्र हवे होते, त्यातून हा प्रयोग झाला होता. पुढे डिझेल यांनी स्वतः वनस्पती तेलांच्या चाचण्या घेतल्या. त्या काळी ही तेले महाग असली, तरी खनिज तेल व कोळसा यांचे साठे सरल्यानंतरही पिकांपासून यंत्रशक्ती मिळत राहील, असा विचार त्यांनी इ.स. १९१२ मध्ये मांडला. मात्र स्वस्त खनिज तेलामुळे पुढची अनेक दशके हा विचार मागे पडला.

अखेरची वर्षे व मृत्यू

पेटंटच्या हक्कांतून डिझेल यांना अफाट संपत्ती मिळाली. परंतु जमिनी व समभाग यांतील गुंतवणूक बुडाली, न्यायालयीन वाद वाढले आणि प्रकृतीही खालावली. इ.स. १९०३ मध्ये कामगारांच्या सहकारी अर्थव्यवस्थेवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला अल्प प्रतिसाद मिळाला. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाले. रात्रीच्या जेवणानंतर ते आपल्या खोलीकडे गेले आणि सकाळी बोटीवर सापडले नाहीत. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह आढळला. त्यावरील वस्तू त्यांचे पुत्र ऑयगेन यांनी ओळखल्या. हा मृत्यू आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निर्णायक उलगडा झालेला नाही.

मोटारगाड्यांतील वापर

डिझेल यांच्या हयातीत हे इंजिन मुख्यतः कारखाने व जहाजे यांत वापरले जात होते. इंधन आत ढकलण्यासाठी दाबयुक्त हवेचा अवजड पंप लागत असल्याने ते गाडीत बसवणे अवघड होते. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इ.स. १९२७ पासून इंधन थेट फवारणाऱ्या लहान पंपांचे उत्पादन सुरू केल्यावर ही अडचण दूर झाली. इ.स. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार बाजारात आली.

नाशिकशी संबंध

फवारणीच्या या तंत्रामुळे नाशिक शहर डिझेल इंजिनाच्या इतिहासाशी जोडले गेले. इ.स. १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने (मायको) नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनांचे इंजेक्टर व नोझल बनवण्याचा कारखाना उभारला. इ.स. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी शहरातील 'मायको सर्कल' या चौकाच्या नावात जुने नाव टिकून आहे. नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात. फवारा जितका बारीक व नेमका, तितके ज्वलन पूर्ण होते. छिद्र झिजले किंवा त्यावर काजळी साचली, की धूर वाढतो व गाडीचे मायलेज घटते.

जैवइंधने, पूरके व इंधनबचत

वनस्पती तेल डिझेलपेक्षा बरेच घट्ट असते. ते थेट वापरल्यास फवारा जाड पडतो व नोझलवर कार्बन साचतो. म्हणून तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून पातळ बायोडिझेल तयार करतात. भारतात त्यासाठी करंज व मोगली एरंड यांच्या बिया तसेच वापरलेले खाद्यतेल यांचा उपयोग केला जातो. राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ नुसार इ.स. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. शुद्ध बायोडिझेलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा सुमारे आठ टक्के कमी ऊर्जा असते. त्यामुळे मायलेज वाढणे हा त्याचा लाभ नसून आयात खनिज तेलाची बचत हा खरा लाभ आहे.

इंधनात मिसळल्या जाणाऱ्या पूरकांचे कार्यही मर्यादित आहे. सिटेन अंक वाढवणारी पूरके इंधन लवकर पेटण्यास मदत करतात, तर स्वच्छक पूरके नोझलवरील काजळी रोखतात. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार डिझेलमधील गंधक दशलक्षांशी १० भागांपर्यंत खाली आणले गेले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाचा वंगणगुण घटतो; तो अल्प प्रमाणातील बायोडिझेल किंवा विशिष्ट पूरके मिसळून भरून काढता येतो. कोणतेही पूरक इंधनातील ऊर्जा लक्षणीय प्रमाणात वाढवत नाही; ते इंजिनाला त्याच्या मूळ कार्यक्षमतेजवळ ठेवू शकते. ही मूळ कार्यक्षमता दाब व ज्वलन यांवर अवलंबून असते, आणि डिझेल यांच्या संशोधनाचा तोच गाभा होता.