आकाशातला तोंडी हिशेब

मैत्रिणींनो, भाजीचा हिशेब आपण तोंडीच करतो ना? अ‍ॅमी जॉन्सन तसाच हिशेब विमानात करायची, आणि तिथं चुकलं तर जिवाशी गाठ!

इंग्लंडमधल्या हल गावी १९०३ साली मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी तिचा जन्म. अर्थशास्त्राची पदवी घेऊन लंडनला वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली. तिथंच विमान चालवायला शिकली, इंजिनदुरुस्तीचा परवानाही मिळवला. ५ मे १९३० ला ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. विमान लहानसं, जुनं, रेडिओ नाही. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि स्वतःचं डोकं!

हे गणित मला आपल्या घरातलंच वाटतं. विमानाचा वेग ताशी ८० मैल, समोरून वारा २० चा. म्हणजे प्रत्यक्षात तासाला ६० च मैल कापले जाणार, मिनिटाला एक. २४० मैलांना तीनऐवजी चार तास. मग पेट्रोल पुरेल का? दिशेचाही वैमानिकांचा आडाखा असतो: एक अंश चुकला, तर ६० मैलांवर मैलभर बाजूला.

कराचीहून अलाहाबादला जाताना समोरच्या वाऱ्यानं तिचं पेट्रोल संपत आलं. हट्ट न करता ती झाशीतच उतरली, कवायतीच्या मैदानावर! २४ मे रोजी डार्विन गाठलं. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीनं जाणारी ती पहिली स्त्री.

५ जानेवारी १९४१ ला, युद्धकाळात विमान पोचवताना, ती खराब हवेत भरकटली. थेम्सच्या मुखाशी पॅराशूटनं पाण्यात पडली, ती सापडलीच नाही. वय अवघं ३७.

मुलींना गणित कशाला, असं कुणी म्हटलं की मी झाशीचा हा हिशेब सांगते.