सर्पगंधा, रक्तदाब आणि पक्षाघात: डॉ. रुस्तम जाल वकील

सारसोळ्यातल्या माझ्या दवाखान्यात पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली मोबाइलवर एक बातमी दाखवतात: चिनी वनौषधी नॅनोकणांत भरून थेट मेंदूपर्यंत पोहोचवण्याची. ते औषध आपल्या माणसाला मिळेल का, असे तुम्हीही विचाराल. उत्तराआधी मुंबईच्या एका डॉक्टरांची ओळख करून देतो.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा. लंडनमध्ये शिकून ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे रुग्ण पाहू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाची गोळी नव्हती. आपले वैद्य मात्र सर्पगंधेचे मूळ पिढ्यानपिढ्या वापरत होते. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरतो असे नोंदवले होते.

वकील यांनी जुने म्हणून ते डोळे झाकून स्वीकारले नाही, झाडपाला म्हणून टाकूनही दिले नाही. औषध देऊन त्यांनी रुग्णांचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांवरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये ते वारले.

त्यांच्या हयातीतच, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या ३८० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. रिसर्पिनसह तीन औषधे घेणाऱ्या गटात ५ जणांना पक्षाघात झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत २० जणांना.

पण रिसर्पिन मेंदूत सहज शिरते. काहींना त्यामुळे सुस्ती, उदासी येई. म्हणून आज ते क्वचितच देतात. वनस्पतीचे औषध निर्धोकच असते, असे नाही.

आता नॅनोकणांकडे वळू. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बहुतेक औषधांना आत सोडत नाही. दानशेनसारख्या चिनी वनस्पतींतले घटक अतिसूक्ष्म कणांत भरून या अडथळ्यापार नेण्याचे प्रयोग चालू आहेत, पण बहुतांशी उंदरांवर. त्या नावाने कोणी गोळ्या विकत असेल, तर घेऊ नका.

तुमच्या हाती आज जे आहे ते करा. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नका. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. वाटेत पाणी, चूर्ण, काढा काहीही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. लक्षणे किती वाजता सुरू झाली, ते मात्र लिहून ठेवा. डॉक्टर तुम्हाला आधी तेच विचारतील.